पीडीएफमध्ये ‘जळगाव’ शोधलं, सापडलंच नाही!

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत, बाकी जसंच्या तसं.)



आजचा भाग ऐकता ऐकता एक छोटा प्रयोग करा. गाडीवर असाल तर नंतर करा, घाई नाही. तुमच्या गावच्या संस्थेची, शाळेची, पतपेढीची किंवा समाजाच्या वधू-वर मेळाव्याची एखादी जुनी पीडीएफ फोनमध्ये असेलच. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असली तर उत्तम. ती उघडा आणि सर्चमध्ये मराठीत ‘जळगाव’ टाइप करा. समोर पानावर ठळक अक्षरात जळगाव लिहिलेलं आहे, तुम्हाला दिसतंय, आणि फोन म्हणतो, काही सापडलं नाही. आता तोच शब्द सिलेक्ट करा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. बहुतेक वेळा काय येतं? इंग्रजी अक्षरांचा खिचडा.

हे असं का होतं आणि त्यामुळे आपल्या खानदेशाचं नेमकं काय नुकसान होतंय, हा आजचा विषय. शेवटी आपण काय करू शकतो तेही सांगतो. मी मूळचा धुळ्याचा, बीटेक जळगावला केलं आणि आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. त्यामुळे थोडं कोडिंग येईल बोलण्यात, पण घाबरू नका. गणित नाही, भाषाच आहे.

इंग्रजीच्या अंगावर मराठी कपडे

आधी जुन्या फॉन्टचं गुपित. आपल्याकडे डीटीपी आलं ते पेजमेकरच्या जोरावर. अ‍ॅल्डस नावाच्या कंपनीने १९८५ साली पेजमेकर आणलं, १९९४ मध्ये अ‍ॅडोबीने ती कंपनी घेतली. त्याआधी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावायचे. पेजमेकर आल्यावर एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि एक हुशार ऑपरेटर एवढ्यात काम होऊ लागलं. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, प्रचाराची पत्रकं, गाइड, सगळं. बटर पेपरवर प्रिंट काढायची, तिच्यावरून प्लेट बनवायची आणि ऑफसेटला लावायची. जळगाव काय, धुळे काय, तालुक्याच्या गावीसुद्धा ‘येथे मराठी डीटीपी करून मिळेल’ अशी पाटी असायची.

पण अडचण अशी की त्या काळच्या फॉन्टमध्ये जागा फक्त २५६. त्यातल्याही काही आधीच राखीव. आणि देवनागरीला लागतं काय काय? पूर्ण अक्षर, अर्धं अक्षर, काना, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरं. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी जुगाड केला, आणि जुगाड खरंच भारी होता. इंग्रजी अक्षराच्या खोक्यात मराठी अक्षराचा तुकडा बसवायचा. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय. पडद्यावर आणि कागदावर दिसतं मराठी.

उदाहरण कृतिदेव फॉन्टचं घेऊ, कारण तो पुष्कळांनी पाहिलेला असतो. त्यात ‘जळगाव’ लिहायचं तर दाबायचं: टी, मग कॅपिटल जी, मग एक्स, मग के, मग ओ. फाइलमध्ये साठवलेलं असतं हेच. टी-जी-एक्स-के-ओ. ‘जळगाव’ हा शब्द त्या फाइलमध्ये कुठेच नसतो. त्याचं फक्त सोंग असतं. फॉन्ट काढून घेतला की सोंग उतरतं.

‘भारत’ घ्या. कॅपिटल एच, के, के, जे, आर. दोनदा के का? कारण एच म्हणजे अर्धा भ. पहिला के त्याला दांडी देऊन पूर्ण करतो आणि दुसरा के काना होतो. म्हणजे फॉन्टला ‘भ’ हे अक्षर माहीतच नाही, त्याला माहीत आहेत फक्त तुकडे. शिशाचे खिळे गेले, पण खिळे जुळवण्याची पद्धत कॉम्प्युटरमध्ये तशीच राहिली.

आता खरी गंमत पुढे आहे. कृतिदेवचे तुकडे एका क्रमाने बसवलेत, श्रीलिपीचे दुसऱ्या, आकृतीचे तिसऱ्या, सीडॅकच्या आयएसएमसोबत येणाऱ्या ‘सुरेख’, ‘योगेश’ वगैरे फॉन्टचे चौथ्या. एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टची मांडणीही वेगळी असू शकते. म्हणून एका प्रेसमधली फाइल दुसऱ्या प्रेसमध्ये नेली की तिथला ऑपरेटर पहिला प्रश्न विचारायचा, ‘भाऊ, फॉन्ट आणला का सोबत?’ वेबसाइटचंही तेच. जुन्या काळी मराठी पेपरची वेबसाइट उघडली की आधी सूचना यायची, फॉन्ट डाउनलोड करा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. यात त्या ऑपरेटर मंडळींचा काहीही दोष नाही. उलट ती माणसं कमाल होती. कोणत्या जोडाक्षराला ऑल्ट दाबून कोणता आकडा मारायचा ते शेकड्यांनी तोंडपाठ. त्यांच्यासमोर दुसरा पर्यायच नव्हता.

युनिकोडने काय बदललं

युनिकोडची पहिली आवृत्ती आली १९९१ मध्ये. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा गट मिळाला. ‘ळ’चा क्रमांक ०९३३. फॉन्ट कोणताही लावा, फोन कोणत्याही कंपनीचा असो, जगात कुठेही ०९३३ म्हणजे ‘ळ’ आणि ‘ळ’च. अक्षर कोणतं ते फाइलमध्ये राहतं, दिसायचं कसं ते फॉन्ट ठरवतो. या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. हीच खरी क्रांती.

पण आपल्या टेबलावर ती यायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, सोबत र. कृ. जोशींनी केलेला ‘मंगल’ फॉन्ट आला. पेजमेकर मात्र शेवटपर्यंत युनिकोड शिकलंच नाही. त्याची शेवटची आवृत्ती ७.०, साल २००१. पुढे इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय झाली ती २०१२ च्या सीएस सिक्स आवृत्तीत. म्हणजे टाइपिंगला युनिकोड आलं आणि पान लावायला ते वापरता येईना, असा दहा-बारा वर्षांचा खड्डा होता. ऑपरेटरने जुना फॉन्ट का सोडला नाही याचं उत्तर या खड्ड्यात आहे. आणि एकदा हात बसला, सगळे गिऱ्हाईक, सगळ्या जुन्या फायली त्याच फॉन्टमध्ये, तर तो पुढेही कशाला सोडेल?

मग बिघडलं कुठे? छापून तर नीट येतंय!

हा प्रश्न मला हमखास येतो. छापून नीट येतंय, अगदी खरं. कागदापुरतं सगळं छान आहे. पण आज वाचणारा फक्त कागद वाचत नाही. तुम्ही गुगलवर शोधता, ती फाइल सापडत नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही असा माणूस फोनला वाचून दाखवायला सांगतो, फोन म्हणतो ‘टी जी एक्स के ओ’. भाषांतर होत नाही. अक्षर मोठं करून वाचायचं तर अख्खं पान इकडून तिकडे ओढत बसा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. फोन आपली भाषा शिकतो कुठून? कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, आपण बोललेलं टाइप होतं, हे सगळं तो शिकतो लिहिलेल्या मजकुरातून. प्रमाण मराठीचा मजकूर नेटवर बऱ्यापैकी आहे. पण अहिराणीचा? २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची नोंद आहे. अहिराणीला आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा तीन अक्षरी कोडसुद्धा आहे, एएचआर. म्हणजे भाषा म्हणून नाव लागलंय, पण नावापुढे मजकूर फार थोडा. अहिराणीत लिहिणाऱ्यांनी कथा, कविता, म्हणी, गाणी छापली नाहीत का? छापली ना! स्वतःच्या खिशातले पैसे घालून छापली. पण तो काळ पेजमेकरचा, म्हणजे त्यातलं पुष्कळसं याच ‘टी जी एक्स के ओ’ मध्ये बंद आहे.

आपल्या भागाला ही गोष्ट नवीन नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुने कागद गोळा करत होते. धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ ला ते गेले. त्यांचा संग्रह सांभाळायला १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्या काळच्या कागदांतले बरेचसे मोडीत. आज मोडी वाचणारा माणूस शोधावा लागतो. आपल्या पणजोबांनी लिहिलेला कागद आपण उलटा धरला तरी कळत नाही. आता तुलना करा. मोडीचा कागद माणसाला वाचता येत नाही. जुन्या फॉन्टची फाइल माणसाला वाचता येते, मशीनला येत नाही. आणि यापुढे वाचणं, शोधणं, जपणं हे सगळं मशीनच्या हातून होणार आहे.

दुसरं उदाहरण आसोद्याच्या बहिणाबाईंचं. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर जे सुचलं ते सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये गाणी पुस्तकरूपाने आली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. कोणीतरी वेळेवर वहीत उतरवलं म्हणून हे उरलं. आपल्या पिढीचं काम त्यापेक्षा सोपं आहे. गाणी लिहिलेली आहेत, छापलेली आहेत, फक्त एका कुलपातून दुसरीकडे न्यायची आहेत. पण कुलूप गंजत चाललंय. सीडी वाचणारे ड्राइव्ह राहिले नाहीत, जुने पीसी भंगारात जातायत, आणि ज्या ऑपरेटरला माहीत आहे की कोणती फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे, तो आता साठीला आलाय.

आप्पांचं पुस्तक

एक प्रसंग सांगतो. आमच्या ओळखीत एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी वीसेक वर्षांपूर्वी अहिराणी म्हणी, कोडी, लग्नातली आणि कानबाईची गाणी गोळा करून पुस्तक छापलं होतं. आता घरात दोनच प्रती उरल्यात, त्यातली एक वाळवीने खाल्लेली. आप्पांनी मला सीडी दिली आणि म्हणाले, ‘बेटा, यामा सगळं शे. फक्त तुम्हना फोनवर दिसाले पाहिजे.’

सीडी चालली, हे नशीब. पेजमेकरच्या फायली होत्या. फॉन्ट कोणता ते कळायला प्रेसवाल्या भाऊंना शोधावं लागलं. प्रेस बंद झालीय, पण भाऊ भेटले, आणि पान बघता क्षणी फॉन्टचं नाव आणि नंबर दोन्ही सांगितलं. एवढंच नाही, त्यांच्याकडे एक जुना पीसी होता, त्यात पेजमेकर चालू होतं. त्यावरूनच मजकूर बाहेर काढला. तो पीसी आणि ते भाऊ नसते तर मला पुस्तकाचे फोटो काढून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

पुढचं काम मला दोन रविवार पुरलं, तपासायला मात्र आप्पांना दोन महिने लागले. ते कसं केलं तेच आता क्रमाने सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

कुलूप उघडायचं कसं

पहिलं, फॉन्ट ओळखा. पीडीएफ असेल तर कॉम्प्युटरवर उघडून प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी बघा. नाव तिथे असतं. पेजमेकरची फाइल असेल तर ज्याने ती केली त्याला विचारा.

दुसरं, मूळ फाइलला हात लावू नका. तिची कॉपी करा. फॉन्टची फाइल मिळाली तर तीही सोबत जपा. आणि पानं जशी दिसत होती तशी एक पीडीएफ किंवा फोटो ठेवा. पुढे शंका आली तर पुरावा हाच.

तिसरं, मजकूर बाहेर काढा. पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली इनडिझाइनच्या सीएस सिक्सपर्यंतच्या आवृत्त्या उघडतात, नवीन उघडत नाहीत. म्हणून गावात कोणाकडे जुनं पेजमेकर चालू असेल तर आजच जाऊन बसा. उद्यावर टाकू नका.

चौथं, रूपांतर. नेटवर फुकटचे कन्व्हर्टर आहेत, कृतिदेवचे तर पुष्कळ. ते काय करतात हे समजून घ्या, म्हणजे चुका कुठे होणार ते आधीच कळेल. एक तक्ता असतो, हा तुकडा म्हणजे हे अक्षर. आधी मोठे तुकडे बदलायचे, मग छोटे. नाहीतर अर्धा भ आणि दांडी वेगवेगळे होऊन बसतात. मग क्रम बदलायचा. ‘किती’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी टाइप होते, क नंतर, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, जसं आपण उच्चारतो तसं. रफाराचं उलट. ‘कर्म’मध्ये जुना फॉन्ट आधी क, मग म आणि सगळ्यात शेवटी वरचा रफार घेतो. युनिकोडमध्ये र हा म च्या आधी यायला हवा, कारण आपण तो आधी बोलतो. हे दोन नियम जोडाक्षरावरही नीट चालले पाहिजेत. कच्चा कन्व्हर्टर इथेच आपटतो.

अजून एक. फाइलमध्ये मधेच खरं इंग्रजी असतं, ईमेल असतो, मोबाइल नंबर असतो. आख्खी फाइल कन्व्हर्टरमधून काढली तर तो ईमेलचीही मराठी करून टाकतो. ज्या ओळींना मराठी फॉन्ट लावलाय तेवढ्याच बदला.

पाचवं, तपासणी. मशीनने केलं म्हणजे झालं, असं समजू नका. मी ज्या जागा आधी बघतो त्या सांगतो. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधा. मराठीतला हा आडवा र पुष्कळदा मोडतो आणि ‘शेतकर्यांना’ होतो. मराठीत यामुळे अर्थही बदलतो. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यात एकदा पूजा होते, एकदा जेवण. मग जोडाक्षरावरची पहिली वेलांटी बघा. रफार बघा. ‘ॲ’ बघा, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुने कन्व्हर्टर ते वेगळ्याच प्रकारे लिहितात. आणि अहिराणी असेल तर ‘मन्हा’, ‘तुन्हा’ मधला अर्धा न नक्की बघा.

अहिराणीसाठी एक कडक नियम. स्पेलचेक बंद ठेवा. त्याला ‘शे’ चुकीचं वाटतं, ‘आठे’ चुकीचं वाटतं. लाल रेघ बघून आपण ‘आहे’ आणि ‘इथे’ करून टाकलं तर मग वाचवलं काय? आप्पांनी दोन महिने घेतले ते यासाठीच. प्रत्येक गाणं ते मोठ्याने म्हणून बघत होते. जीभ अडखळली की तिथे चूक.

फाइल हरवलीय, नुसतं पुस्तक आहे? तरी मार्ग आहे. चांगल्या उजेडात सपाट फोटो काढा आणि ओसीआर करा. टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, गुगल लेन्सही ओळखतं. चुका जास्त येतील, पण पहिल्यापासून टाइप करण्यापेक्षा बरं.

पुन्हा पान लावताना

मजकूर सुटला, आता पुस्तक परत छापायचंय किंवा ईबुक करायचंय. इनडिझाइन असेल तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत जाऊन ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर निवडा. हे केलं नाही तर वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटलेली दिसतात आणि लोक म्हणतात, युनिकोड खराब आहे. खराब नाही, एक सेटिंग राहिलंय. पैसे नसतील तर स्क्रायबस मोफत आहे, त्याची १.६ आवृत्ती देवनागरी नीट लावते. साधं पुस्तक तर लिबरऑफिसमध्येही होतं.

फॉन्टसाठी आता चोरी करायची गरज नाही. एक टाइपचा ‘मुक्ता’ मोफत आहे, ‘टिरो देवनागरी मराठी’ मोफत आहे, राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ आहेत. मजकुराची भाषा सेटिंगमध्ये हिंदी न ठेवता मराठी ठेवा. काही फॉन्टमध्ये तेवढ्यानेच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात.

दोन गोष्टी पानाच्या. इंग्रजीपेक्षा देवनागरीला ओळींमध्ये जास्त हवा लागते, कारण वर मात्रा-रफार, खाली उकार. बारा पॉइंटच्या अक्षराला मी सोळा ते अठरा पॉइंट अंतर ठेवतो. आणि अक्षरांमधलं अंतर ताणून शीर्षक रुंद करू नका. इंग्रजीत ते चालतं, आपल्याकडे शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट. पीडीएफ ही छपाईसाठी आहे. युनिकोड वापरूनही पीडीएफमधून कॉपी करताना मराठी कधी कधी विस्कटते, कारण पीडीएफ अक्षरांचे आकार जपते. म्हणून मूळ मजकुराची साधी टेक्स्ट फाइल किंवा ईपब वेगळी ठेवाच.

ऑपरेटर भाऊंसाठी दोन शब्द

हे ऐकणाऱ्यांत कोणी डीटीपीवाले असतील तर ते म्हणतील, ‘भो, माझा स्पीड जाईल त्याचं काय?’ रास्त प्रश्न. पण कीबोर्ड आणि फॉन्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या हातात बसलेली टाइपरायटरची मांडणी युनिकोडमध्येही मिळते. बोटं तीच, स्पीड तोच, फाइलमध्ये मात्र खरं मराठी. आणि एक धंद्याची गोष्ट सांगतो. जुन्या फायली युनिकोड करून देणं हे पैसे मिळवून देणारं काम आहे. फॉन्ट बघून नाव सांगणारी नजर तुमच्याकडे आहे, आम्हा इंजिनिअर लोकांकडे नाही.

या आठवड्याचं काम

आता तुमचं काम. एकच फाइल शोधा. आजोबांचं छापलेलं आत्मचरित्र असेल, शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असेल, गावच्या कवीचा संग्रह असेल. लेखक हयात असतील तर त्यांना विचारा, नसतील तर वारसांना. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, त्यामुळे परवानगी लेखी घ्या. साठ वर्षं उलटली असतील तर मराठी विकिस्रोतावर चढवता येतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला मराठी साहित्य संमेलन झालं. किती अभिमान वाटला आपल्याला! तिथल्या पुस्तकांच्या गर्दीत खानदेशातल्या लेखकांनी पदरमोड करून छापलेली पुस्तकंही होती. त्यातलं किती आज फोनवर शोधलं तर सापडेल, हे प्रत्येकाने आपापल्या गावापुरतं बघायचं. दुसरं कोणी येऊन ते करणार नाही, कारण दुसऱ्या कोणाला ‘मन्हा’ बरोबर आहे की चूक हेच माहीत नाही.

आप्पांचं पुस्तक आता आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतंय. माझ्या मावशीने परवा त्यात एक कानबाईचं गाणं शोधून काढलं आणि लगेच व्हॉइस मेसेज टाकला, की आमच्या गावाला यात अजून दोन ओळी आहेत. आप्पा वही घेऊन बसलेत. दुसरी आवृत्ती होणार, असं दिसतंय.

तुम्हाला फाइल सापडली आणि फॉन्ट ओळखता आला नाही तर एका पानाचा फोटो पाठवा, आपण सगळे मिळून ओळखू. भेटू पुढच्या भागात. तोवर, राम राम मंडळी!